तलावाकाठी सर्वांसाठी बाग : आखणी कुठून सुरू करायची

तलावाकाठी बाग करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत कोणीतरी कागद पुढे ओढतं आणि त्यावर प्रवेशद्वार काढतं. मग कारंजं येतं, खेळणी येतात, आणि पाण्याला अगदी लागून गोल फिरणारा रस्ता येतो. त्या कागदावर तलाव म्हणजे मधोमध एक निळा डाग असतो. त्याची खोली कोणी लिहिलेली नसते, त्यात पाणी कुठून येतं हेही नसतं. चार-पाच वर्षांनी पाणी हिरवं पडतं, वास येतो, रस्त्याची कड पाण्यात ढासळते, आणि मग सगळे म्हणतात की देखभाल नीट झाली नाही. देखभालीचा दोष असतोही, पण मूळ दुखणं त्या पहिल्या कागदातलं असतं.

म्हणून क्रम उलटा करायचा. आधी पाणी, मग काठ, आणि त्यानंतर माणसांच्या सोयी. वस्तीतली चार माणसं एकत्र येऊन असं काम पहिल्यांदाच हाती घेत असतील, तर पुढच्या पायऱ्या त्यांच्यासाठी आहेत. स्थापत्य अभियंता आणि पाण्याचा जाणकार पुढे लागणारच आहे. पण तो येण्याआधी तुमच्या हातात काय माहिती आहे, यावर त्याच्या कामाचा दर्जा ठरतो.

पहिली पायरी : जागा कोणाची, ते कागदावर आणा

तलावाचं पाणी, पाण्याखालची जमीन, काठ, बांध, काठावरची झाडं आणि तिथपर्यंत येणारा रस्ता यांचे मालक वेगवेगळे असू शकतात. मासेमारीचा हक्क आणखी कोणाकडे असतो. एक साधा तक्ता करा : कोणता भाग, मालक कोण, परवानगी कोणाची लागते, कागद कुठे आहे. ज्या रकान्यात ‘ते सगळ्यांना माहीतच आहे’ असं उत्तर मिळेल, तिथे बहुधा कागद नसतो. तिथेच आधी हात घाला.

कागदावरची एक ओळ किती काम करते, याचं उदाहरण शिकागोत आहे. मिशिगन सरोवराकाठच्या एका पट्टीवर १८३६ साली जमिनीच्या नकाशातच लिहिलं गेलं, की ही सार्वजनिक जागा आहे आणि ती कायम मोकळी, इमारतींविना राहील. पन्नासेक वर्षांनी तिथे बांधकामं डोकं वर काढू लागली, तेव्हा माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याने १८९० पासून न्यायालयात झगडा मांडला. तो वीस वर्षं चालला आणि त्याचा आधार नकाशावरची ती ओळ होती. आजचं ग्रँट पार्क बऱ्याच अंशी त्यामुळे मोकळं आहे. तुमच्या आराखड्यातही अशी ओळ पहिल्या दिवसापासून असू द्या, आणि तिच्यात काय बांधायचं यापेक्षा काय बांधायचं नाही ते स्पष्ट लिहा. बाग चांगली झाली की तिच्या कडेला खाद्यगृह, सभागृह, वाहनतळ अशा मागण्या येतातच.

दुसरी पायरी : वर्षभर तलाव पाहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. पूर्ण वर्ष मिळालं तर उत्तम. तेवढा वेळ नसेल तर निदान पाणी सर्वांत खाली असतानाचे आणि सर्वांत वर असतानाचे महिने डोळ्यांखालून घाला. खर्च जवळजवळ नाही. एक वही, एक दोरी, एक पट्टी आणि आठवड्याला तासभर देणारी दोन माणसं लागतात.

आधी पाण्यात एक खांब पक्का रोवून त्यावर सेंटीमीटरच्या खुणा रंगवा आणि दर आठवड्याला पातळी लिहा. वर्षाअखेरी तलाव किती वर-खाली होतो ते कळतं. हा एक आकडा पुढे दहा निर्णय ठरवतो : वाट कुठून न्यायची, झाडं कोणत्या रेषेत लावायची, धक्का पक्का बांधायचा की तरंगता ठेवायचा.

मग पाण्याचा नितळपणा. १८६५ साली आंजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने समुद्रात पांढरी तबकडी सोडून पाणी किती पारदर्शक आहे ते मोजलं. तीच रीत आजही तलावांवर वापरतात. २० सेंटीमीटर व्यासाची तबकडी घ्या, तिचे चार भाग करून आळीपाळीने काळे-पांढरे रंगवा, खाली वजन लावा आणि दोरीला खुणा करा. होडीच्या सावलीच्या बाजूने ती सावकाश सोडा. दिसेनाशी होते ती खोली लिहा, वर ओढताना पुन्हा दिसते ती लिहा, दोन्हींची सरासरी घ्या. दर पंधरा दिवसांनी, त्याच जागी, साधारण मध्यान्हीच्या सुमारास. हे आकडे पुढे दहा वर्षं तुमच्या कामी येतील, कारण ‘पूर्वी पाणी बरं होतं’ आणि ‘आता बरं आहे’ या वादाचा निकाल तेच देतात.

खोलीही मोजून ठेवा. काठाच्या एका खुणेपासून समोरच्या खुणेपर्यंत होडीने सरळ जायचं, दर दहा मीटरला वजन बांधलेली दोरी सोडायची. अशा सात-आठ रेषा झाल्या की तळाचा कच्चा नकाशा तयार होतो. जुना नकाशा मिळाला आणि त्यात चार मीटर लिहिलेल्या जागी आज दोनच मीटर भरले, तर गाळ किती आला ते समजतं. मोजणी करणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवंच, पोहता येत असलं तरी.

पूररेषेबद्दल एक गैरसमज काढून टाकायला हवा. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हणजे आता शंभर वर्षं निर्धास्त असं नाही. दर वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक असते. हिशेब मांडला तर तीस वर्षांत निदान एकदा तरी तो येण्याची शक्यता २६ टक्के निघते, म्हणजे चारात एकाहून थोडी जास्त. स्वच्छतागृह, विजेची पेटी, अवजारांची खोली ही त्या रेषेच्या वरच. बाक आणि पायवाटा खाली चालतील, कारण पाणी ओसरल्यावर त्या धुऊन निघतात.

तिसरी पायरी : पाणी येतं कुठून, ते चालून पाहा

जोराचा पाऊस सुरू असताना छत्री घेऊन तलावाभोवती फिरा आणि पाणी आत शिरतं ती प्रत्येक जागा नकाशावर मांडा. मग त्यातल्या प्रत्येक धारेच्या उलट दिशेने वर चालत जा. कोणती शेतातून येते, कोणती रस्त्यावरून, कोणत्या पाइपातून कोरड्या दिवसातही पाणी गळतं. कोरड्या दिवसात वाहणारा पाइप म्हणजे बहुतेक वेळा सांडपाणी. त्याचा बंदोबस्त झाल्याशिवाय बागेच्या कामाला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. घाण पाण्याच्या कडेला कितीही देखणी बाग केली तरी लोक आधी नाक दाबतात आणि मग यायचे थांबतात.

तलाव हिरवा का पडतो, याचं सर्वांत बोलकं चित्र कॅनडातून आलं. ऑन्टारियो प्रांताच्या वायव्य भागात संशोधनासाठी राखलेल्या तलावांपैकी २२६ क्रमांकाच्या तलावात १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्ये पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातला, पण फॉस्फरस एकाच भागात. तो भाग हिरवागार शेवाळला, दुसरा स्वच्छ राहिला. वरून काढलेल्या छायाचित्रात ती सीमारेषा दिसते. फॉस्फरस येतो मैल्यातून, खतातून, काही साबणांतून आणि वाहून आलेल्या मातीतून. म्हणून काठावरच्या हिरवळीला खत घालणं म्हणजे शेवाळाला घास भरवणं.

आणि पाणी सुधारतंही. सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टनमध्ये प्रक्रिया केलेलं सांडपाणी वर्षानुवर्षं सोडलं जात होतं. १९५८ साली नागरिकांनी मतदानाने ते वळवण्याची योजना मंजूर केली आणि १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी तलावापासून दूर नेण्यात आलं. त्याआधी उन्हाळ्यात तबकडी जेमतेम एक मीटरपर्यंत दिसायची, १९७०च्या दशकाअखेर ती कित्येक मीटर खोलवर दिसू लागली. पाण्यात औषधं ओतून हे झालं नाही, येणारी घाण थांबवून झालं.

ज्या धारा थांबवता येत नाहीत, म्हणजे रस्त्यांवरचं पावसाचं पाणी वगैरे, त्यांच्या तोंडाशी गाळकुंड करा : एक उथळ खड्डा, जिथे पाण्याचा वेग मोडतो आणि माती तळाला बसते. तिथवर गाळ काढणारं यंत्र पोचेल अशी वाट आत्ताच ठेवा. ती राहून गेली तर कुंड दोन-तीन वर्षांत भरतं आणि उपसता येत नाही. वाहनतळाचं पाणीही आधी गवती चरातून फिरवून मग सोडा. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. २,००० चौरस मीटरच्या पक्क्या वाहनतळावर २५ मिलिमीटर पाऊस झाला तर ५०,००० लिटर, तेही तेलाचे डाग आणि धूळ धुऊन घेऊन. त्यापेक्षा वाहनतळ लहान करा आणि पाणी मुरेल असा करा.

कारंज्याचा आग्रह धरणारा कोणीतरी भेटेलच. ‘पाण्यात हवा खेळते’ असं कारण दिलं जातं. पृष्ठभागावरचं कारंजं वरचं पाणी उडवतं, खोल तलावाच्या तळाशी प्राणवायू पोचवण्याचं काम त्याच्याकडून फारसं होत नाही. तळाला हवा द्यायचीच असेल तर तळातून बुडबुडे सोडणारी यंत्रणा वेगळी असते, आणि तीही मोजमाप केल्यावरच. शोभेसाठी कारंजं हवं असेल तर शोभेच्या खात्यात लिहा.

चौथी पायरी : आधीपासून येणाऱ्या माणसांना भेटा

मोकळा वाटणारा तलाव मोकळा नसतो. कोणी गळ टाकून बसतं, कोणी गुरं पाण्यावर आणतं, कोणी पहाटे एकटं चालतं, कोणाची मुलं शाळा सुटल्यावर तिथेच असतात. बागेच्या नावाखाली या माणसांना कुंपणाबाहेर काढलं तर ती बाग सर्वांची राहत नाही.

त्यांना ‘तुम्हाला काय हवं?’ असं विचारू नका. त्यावर झोका, कारंजं, खाद्यगृह एवढीच उत्तरं येतात, कारण माणूस पाहिलेलंच सांगतो. त्याऐवजी विचारा : तुम्ही इथे कधी येता? कोणाबरोबर? कुठे बसता? कोणत्या बाजूला जायचं टाळता, आणि का? या शेवटच्या प्रश्नाची उत्तरं बायकांकडून आणि म्हाताऱ्या माणसांकडून आवर्जून घ्या. एका तलावावर आम्ही पाण्याकडे तोंड करून सुंदर गोल ओटा आखला होता. तिथे रोज चालणाऱ्या एका बाईंनी तो पाहून एवढंच विचारलं, की मागून कोण येतंय ते बसल्या जागी दिसेल का? दिसणार नव्हतं. दाट झुडपांची रांग नेमकी ओट्याच्या पाठीशी होती. आम्ही ओटा वीस पावलं पुढे, मोकळ्यावर आणला. ती चूक आमच्यापैकी कोणाच्या नजरेला आली नसती.

बैठक सभागृहात घेऊ नका, काठावरच घ्या, आणि एकाच वेळी नको. सकाळी येणारे वेगळे, संध्याकाळी येणारे वेगळे. शिवाय एक कामाचा दिवस आणि एक सुटीचा दिवस, दर तासाला माणसं मोजून ठेवा. गर्दी कुठे आणि केव्हा होते याची आकडेवारी हातात असली की बैठकीतला सर्वांत मोठा आवाज आपोआप बेताचा होतो.

पाचवी पायरी : काठ कुठे उघडायचा, कुठे सोडायचा

आता नकाशा काढा. प्रवेशद्वार शेवटी येईल. आधी संपूर्ण काठाचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यावर लिहा : इथे माणूस पाण्यापर्यंत जाईल, किंवा इथे जाणार नाही. माझा ठोकताळा असा, की एकूण काठाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त माणसांसाठी उघडू नये. बाकीचा बेडकांचा, कासवांचा, पक्ष्यांचा आणि लव्हाळ्याचा. उघडलेल्या जागा थोड्या पण भरघोस असाव्यात : एखादी रुंद पायरी, एखादा धक्का, एखादा उथळ उतार जिथे मूल आजोबांचा हात धरून पाणी पाहील. तीस ठिकाणी अर्धवट पोचण्यापेक्षा चार ठिकाणी नीट पोचलेलं बरं.

मुख्य वाट काठाला चिकटून गोल फिरवू नका. ती पाण्याजवळ यावी, थोडा वेळ सोबत चालावी, मग झाडीत शिरावी आणि पुढच्या वळणावर पाणी पुन्हा दिसावं. चालणाऱ्याला अशी वाट कंटाळवाणी होत नाही, आणि काठालाही श्वास घ्यायला जागा मिळते.

काठाची बांधणी हा या कामातला सर्वांत नाजूक भाग. उभी काँक्रीटची किंवा दगडी भिंत डोळ्यांना नीटनेटकी दिसते म्हणून सर्वत्र मागितली जाते. पण लाट भिंतीवर आपटते, परत फिरते आणि पायथ्याची माती खणत राहते. बेडकांना वर येता येत नाही, कासवाला अंडी घालायला जमीन गाठता येत नाही. आणि पाण्यात पडलेल्या लहान मुलाला धरायला काही उरत नाही. भिंतीऐवजी उतार द्या. एकास तीन हा निदान उतार, एकास पाच अधिक चांगला, म्हणजे पाच मीटर आडवं गेल्यावर एक मीटर खाली. पाण्याच्या रेषेखाली दीड-दोन मीटर रुंदीचा उथळ ओटा ठेवा, गुडघाभर पाण्याचा. त्यावर वनस्पती वाढतात, लाटेचा जोर मोडतो आणि घसरलेला माणूस उभा राहू शकतो. एकाच बांधणीतून तिन्ही कामं होतात.

लागवड पट्ट्यांनी करा. वर झाडं आणि झुडपं, मग उंच गवतं, मग ओल्या मातीत लव्हाळे, उथळ पाण्यात पाणकणीस आणि बोरू, त्यापुढे कुमुदिनीसारख्या तरंगत्या पानांच्या वनस्पती. रोपं त्याच पाणलोटातल्या दुसऱ्या तलावावरून आणली तर सर्वांत चांगली रुजतात. पाणी उतरतीला लागलं असताना लावा, कारण नव्या रोपांची पानं पाण्याबाहेर राहायला हवीत. मोकळ्या मातीला लाटेपासून वाचवायला काथ्याच्या जाड वळकट्या खुंट्यांनी ठोकून बसवतात. मुळं धरेपर्यंत त्या टिकतात आणि मग कुजून मातीत मिसळतात. पहिला हंगामभर रोपांवर जाळी टाका, नाहीतर पाणपक्षी कोवळे कोंब खुडून फस्त करतात.

पाणकणसाला मात्र आवर घालावा लागतो. उथळ पाण्यात ते झपाट्याने पसरतं आणि बाकीच्यांना हटवतं, तेव्हा त्याच्या पट्ट्याला खोल पाण्याची कड ठेवा. जलपर्णी तर पाण्यात टाकूच नका, तिची फुलं कितीही जांभळी आणि लोभस असोत. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती ऊबदार, सकस पाण्यात दोनेक आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. घरातले शोभेचे मासे आणि कासवं तलावात सोडू नयेत, हे पाटीवर लिहाच.

हिरवळ थेट पाण्यापर्यंत नेण्याचा मोह टाळा. कापलेली हिरवळ आणि लगेच पाणी ही हंस-बदकांची आवडती जागा, कारण चरता येतं आणि धोका दिसताच पाण्यात उतरता येतं. मग त्यांची विष्ठा वाटेवर आणि पाण्यात साठते. मध्ये उंच गवताचा पट्टा ठेवला की त्यांना पलीकडचं दिसत नाही आणि ती तिथे गर्दी करत नाहीत. हाच पट्टा वाहून येणारी माती आणि खतही अडवतो. दहा मीटर रुंदी मिळाली तर पुष्कळ काम होतं, तीस मिळाली तर सोडू नका.

तुमचा तलाव मातीच्या बांधाने अडवलेला असेल तर एक गोष्ट विसरू नका : बांधावर मोठी झाडं लावायची नाहीत. मुळं बांधात शिरतात, झाड मेल्यावर ती कुजतात आणि त्या पोकळीतून पाणी वाट काढतं. बांधावर आखूड गवत ठेवा, म्हणजे गळतीची ओल, भेग किंवा उंदीर-घुशींची बिळं लगेच दिसतात. सावली बांधाच्या पायथ्यापासून दूर, जमिनीवर शोधा. सांडव्याच्या तोंडाशी काहीही बांधू नका, शोभेचा पूलही नाही.

डासांची भीती काठावरच्या झाडोऱ्याला विरोध करताना हमखास पुढे येते. ऊबदार हवेत डासाची अंड्यापासूनची वाढ आठ-दहा दिवसांत पुरी होते, आणि त्यासाठी त्याला निवांत, साचलेलं, मासे नसलेलं पाणी लागतं. चतुराच्या अळ्या आणि मासे जिथे फिरतात तिथे त्याचं फारसं जमत नाही. म्हणून झाडोरा तोडण्याआधी तुटकी कुंडी, टायर, चरातलं डबकं शोधा.

सहावी पायरी : वाट, बसायची जागा, सावली

इथे आकडे ठरलेले आहेत, ते पाळले की काम सोपं होतं. मुख्य वाट अडीच ते तीन मीटर रुंद, म्हणजे व्हीलचेअर, बाबागाडी आणि चालणारे एकमेकांना अडत नाहीत. उतार वीसास एकपेक्षा तीव्र नको. रॅम्प करावाच लागला तर बारास एक ही शेवटची मर्यादा, तीही मध्ये विसाव्याच्या सपाट जागा ठेवून. आडवा उतार पन्नासास एक, पाणी निघून जाण्यापुरता. दर पन्नास-साठ मीटरवर बाक, काहींना पाठ आणि हात हवेतच. हाताशिवाय म्हाताऱ्या माणसाला उठता येत नाही. पाण्यापर्यंत जाणाऱ्या जागांपैकी निदान एक तरी अशी असावी जिथे व्हीलचेअर अगदी कडेपर्यंत पोचते. कठड्याबाहेरून लांबून पाणी दाखवणं म्हणजे पोचणं नव्हे.

आडवाटा आधी पक्क्या करू नका. एक वर्ष गवतच ठेवा. माणसं पायांनी स्वतःची वाट पाडतात, मग तीच पक्की करा.

सावलीचं झाड आज लावलं तरी दहा वर्षांनी सावली देतं, म्हणून झाडं पहिल्या टप्प्यात लावा आणि शोभेच्या गोष्टी मागून. मुळात उभी असलेली मोठी झाडं तर आराखड्यातल्या खुणेच्या खांबांसारखी धरा : वाट त्यांच्याभोवती वळेल, ती वाटेसाठी हटणार नाहीत.

उजेड आणि सुरक्षितता

दिवे पाण्यावर पडू देऊ नका. डॅफ्निया नावाचे बारीक जीव दिवसा मासे टाळायला खोल राहतात आणि अंधार पडल्यावर वर येऊन शेवाळ खातात. वरून प्रकाश पडत राहिला तर ते वर येण्याचं टाळतात, आणि शेवाळाला खाणारं कमी होतं. तेव्हा दिवे बुटके, वरून झाकलेले, पिवळसर म्हणजे ३,००० केल्विन (प्रकाशाच्या रंगछटेचं माप) किंवा त्याहून कमी, आणि फक्त वाटेवर. सगळी बाग उजळण्याऐवजी एक वाट नीट उजळलेली असली की रात्री चालणाऱ्याला कुठून जायचं ते कळतं, आणि झाडीत डोळे दिपत नाहीत.

पाण्यापर्यंतच्या प्रत्येक जागी लाइफबॉय, म्हणजे बुडणाऱ्याला फेकायचं तरंगतं कडं, आणि लांब दोरी हवी, दुरून दिसेल अशा रंगात. जागेला क्रमांक द्या आणि तो पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहा. मदतीला फोन करणारा घाबरलेला असतो, त्याला ‘सहा नंबरच्या पाटीपाशी’ एवढं सांगता आलं पाहिजे. धक्क्याचा कठडा एक मीटरहून थोडा उंच, आडव्या पट्ट्या नसलेला, नाहीतर मुलं त्यावर शिडीसारखी चढतात.

पोहायला परवानगी द्यायची का, हा निर्णय भावनेवर सोडू नका. पाण्यातल्या इ. कोलाय जीवाणूंची तपासणी नियमित करा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१२ मध्ये गोड्या पाण्यात पोहण्यासाठी सुचवलेली एक मर्यादा १०० मिलिलिटरमागे १२६ ही आहे, अनेक नमुन्यांचा भूमितीय मध्य (एक प्रकारची सरासरी) काढून. तुमच्याकडचा नियम काय आहे तो पाहा. जोराच्या पावसानंतर हे आकडे उसळतात. पाण्यावर हिरव्या रंगाची साय किंवा रंग सांडल्यासारखा थर दिसला तर माणसं आणि कुत्री दोघांनाही बाहेर ठेवा आणि पाणी तपासून घ्या. काही नीलहरित शेवाळं विष तयार करतात आणि कुत्री ते पाणी पिऊन मेल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत.

पैसा आणि टप्पे

अंदाजपत्रकात दोन रकाने करा : एकदाच लागणारा पैसा आणि दर वर्षी लागणारा पैसा. दुसरा रकाना रिकामा असेल तर पहिल्यातली निविदा काढू नका. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची मूळ रचना १८५८ची, जगभर नावाजलेली. तरीही १९७०च्या दशकात ते पार्क उजाड झालं होतं, आणि १९८० साली नागरिकांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सीने पैसा आणि माणसं उभी केल्यावर ते सावरलं. रचना चांगली होती, रोज झाडणारं आणि दुरुस्त करणारं कोणी नव्हतं.

टप्प्यांचा क्रम असा ठेवा. आधी सांडपाणी वळवणं, गाळकुंडं आणि बांधाची दुरुस्ती. मग काठाचा उतार आणि लागवड, शिवाय सावलीची झाडं. त्यानंतर मुख्य वाट, स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी. खेळणी, शोभेची कामं आणि प्रवेशद्वार शेवटी. पैसे मध्येच संपले तर आखलेल्या क्रमाने थांबलेलं काम अर्धवट वाटत नाही. उलट क्रमाने थांबलेली बाग म्हणजे भव्य कमान आणि तिच्यामागे घाण पाणी. स्वच्छतागृह पाण्यापासून जितकं लांब नेता येईल तितकं न्या, आणि त्याची टाकी तलावाकडे झिरपणार नाही याची खात्री स्वतः उभं राहून करा. ठेकेदाराच्या शब्दावर ते सोडू नका.

करारात एक अट हवी : लागवडीची हमी निदान दोन वर्षांची, मेलेलं रोप ठेकेदारानेच बदलायचं. आणि बांधकाम चालू असताना उकरलेली माती पावसात तलावात जाऊ नये म्हणून अडथळे आधी उभारायचे, खोदाई नंतर. याकडे दुर्लक्ष झालं तर एका हंगामात इतका गाळ आत जातो की वर्षानुवर्षांची मेहनत वाया जाते.

बाग उघडल्यानंतरचं पहिलं वर्ष

उद्घाटनाच्या दिवशी काम संपत नाही म्हणून एक छोटा गट आधीच नेमा, आणि थोडा पैसा राखून ठेवा. या वर्षी फक्त पाहायचं आणि दुरुस्त करायचं. कोणता बाक रिकामा राहतो? तो उन्हात आहे का, की वाटेपासून फार लांब? कुठे गवत तुडवलं गेलं? कोणत्या वळणावर कचरा साठतो? कचरापेटी तिकडे सरकवा. बाक, पेट्या आणि पाट्या पहिल्या वर्षी शक्य तितक्या हलवता येतील अशाच ठेवा, पाया नंतर घाला.

पक्ष्यांना पाव टाकणारे लोक येतील. त्यांना ओरडू नका, पाटीवर कारण सांगा : पावाने पक्ष्यांचं पोट भरतं पण पोषण होत नाही, उरलेला पाव पाण्यात कुजतो आणि पुन्हा तोच शेवाळाचा घास होतो. मुलं हे पटकन समजून घेतात आणि मोठ्यांना तीच थांबवतात.

पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून काठाने एक फेरी मारा. गाळकुंडात किती माती आली, काथ्याची कोणती वळकटी सुटली, कोणत्या चरातून पाणी वाटेवर चढलं ते त्याच वहीत लिहा, जिच्यात पहिल्या आठवड्याची पातळी लिहिली होती. पंधरा दिवसांनी तबकडी सोडायची ठरलेली तारीख असेलच, ती चुकवू नका.